एका मिलिलिटरात शंभर

निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर लाळेत ढोबळमानाने १० कोटी जिवाणू असतात. तोंडाला कोरड पडणाऱ्यांसाठी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं जेल किंवा स्प्रे औषध म्हणून प्रयोगशाळेत तपासायला गेलं, तर अमेरिकी औषधसंहितेने तोंडात वापरायच्या उत्पादनांसाठी घातलेली मर्यादा आहे मिलिलिटरमागे १०० जिवाणू. यीस्ट आणि बुरशी मिळून १०. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या दोन जाती तर औषधालाही सापडता कामा नयेत. म्हणजे ज्या तोंडात हे जेल जाणार, त्या तोंडापेक्षा ते दहा लाख पटींनी स्वच्छ हवं.

एवढा कडकपणा कशासाठी, हे लाळेचा हिशेब मांडला की कळतं. प्रौढ माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. काही खात-चघळत नसताना ती मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर येते. हा वेग ०.१च्या खाली गेला, तर दिवस-रात्र मिळून १४४ मिलिलिटरही भरत नाही. लाळेबरोबर जिवाणूंना आवरणारं लायसोझाइम जातं, लॅक्टोफेरिन जातं, प्रतिपिंडं जातात, आणि घाण वाहून नेणारा प्रवाहही जातो. तोंड कोरडं पाडणारी औषधं ५००हून अधिक आहेत, त्यामुळे औषधं वाढलेल्या उतारवयात ही तक्रार सर्रास दिसते. त्यात परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणारे रुग्ण असतात, त्यांच्या लाळग्रंथीच भाजून निघालेल्या असतात. आपल्या तोंडातले १० कोटी जिवाणू ओळखीचे असतात. बाटलीतून येणारे परके १००सुद्धा अशा माणसाला महागात पडू शकतात. अमेरिकेत २००५ साली अल्कोहोलविरहित माउथवॉशमध्ये बर्कहोल्डेरिया गटातला जिवाणू कारखान्यातच शिरला होता, आणि तो अनेक राज्यांतल्या रुग्णालयांत आजारी माणसांपर्यंत पोचला. हा गट शुद्ध केलेल्या पाण्यातही तग धरतो. त्याच्यासाठीची स्वतंत्र चाचणी औषधसंहितेत लागू झाली ती डिसेंबर २०१९मध्ये.

जिवाणू मोजायची चाचणी दिसते सोपी, करायला किचकट. जेल चिकट असतं, पिपेटमधून धड उतरत नाही. म्हणून १० ग्रॅम तोलून घेऊन दहापट पातळ करतात. खरी अडचण वेगळीच. जेलमधलं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) जिवाणू वाढवायच्या प्लेटवरही काम करत राहतं, आणि जिवाणू असूनही प्लेट कोरी राहते. म्हणून आधी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट घालून परिरक्षकाचा जोर मारावा लागतो. तो खरंच मेला का, हे पाहायला अॅनालिस्ट मुद्दाम १००पेक्षा कमी जिवंत जिवाणू त्यात सोडते आणि तेवढेच परत मिळतात का ते मोजते. ते निम्म्यापेक्षा कमी मिळाले, तर ती पद्धत त्या जेलसाठी चालत नाही. कोरी प्लेट कोरी का आहे, हे सिद्ध करण्यात जाणारे हे दिवस मला सगळ्या तपासणीतले सगळ्यात प्रामाणिक वाटतात.

याच्या उलट अशीही एक परीक्षा असते. जेलच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ लाख ते १० लाख जंतू सोडायचे, पाच जातींचे, प्रत्येक जात वेगळ्या भांड्यात, आणि २८ दिवस वाट बघायची. झाकण रोज उघडणार, बोट लागणार, नळी ओठांना टेकणार. तरी आतलं परिरक्षक टिकून आहे का, हे त्यातून कळतं.

आता आकडेमोडीचा जो भाग मला अस्वस्थ करतो, तो सांगतो. समजा, एका बॅचमध्ये १ लाख बाटल्या आहेत आणि हजारात एक, म्हणजे १००, दूषित आहेत. त्यातल्या कुठल्याही २० तपासल्या, तर एक तरी दूषित बाटली हाती लागण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर जवळपास ३,००० बाटल्या फोडाव्या लागतील. शेवटच्या तपासणीत पास झालेली बॅच त्यामुळे निर्धोक ठरत नाही. खरी राखण करावी लागते ती पाण्याच्या पाइपात, टाकीच्या सांध्यात आणि कच्च्या मालाच्या ड्रमपाशी.

ड्रमचं महत्त्व मुंबईइतकं कुणाला ठाऊक असणार? १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभराहून अधिक माणसं मारली होती, आणि २००७ साली ते चीनमधून आलेल्या टूथपेस्टमध्ये सापडलं. कोरड्या तोंडाच्या अनेक जेलांत ग्लिसरीन हा मुख्य घटक असतो. हे विषही तसंच बिनरंगी, दाट आणि गोड. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही, तो गॅस क्रोमॅटोग्राफीच दाखवते. संहितेची मर्यादा आहे ०.१० टक्का. जेलची तयार ट्यूब तपासून हे पकडायची वाट बघणं म्हणजे फार उशीर. ग्लिसरीनचा ड्रम कारखान्यात उतरला की तिथेच नमुना घ्यायला हवा.

जड धातूंचं प्रमाण त्याहून सूक्ष्म. पोटात जाणाऱ्या औषधातून दिवसाला शिसं ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. त्याचा बारावा हिस्सा.

राहिला पीएच, आणि इथे मला ग्राहकाच्या बाजूने बोलायचं आहे. दातावरचं एनॅमल साधारण ५.५च्या खाली विरघळू लागतं, मुळाचा उघडा भाग ६.७च्या आसपासच. पीएचची पट्टी दहाच्या पटीत चालते: ६.७वरून ३.७वर आलं, तर आम्लता १,००० पट. लाळ सुटावी म्हणून काही चघळायच्या गोळ्यांत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल घालतात. ग्रंथी जिवंत असलेल्याला त्याचा उपयोग होतो, कारण सुटलेली लाळच ते आम्ल धुऊन नेते. ज्याच्या ग्रंथी किरणोपचाराने संपल्या आहेत, त्याच्या तोंडात आम्ल तसंच बसून राहतं, आणि गोळी दिवसातून अनेकदा चघळली जाते. काही ओलावा देणारी उत्पादनं ६.७च्या खाली असल्याचं दंतसंशोधकांनी मोजून दाखवलं आहे. पीएच मोजायला प्रयोगशाळेत काही मिनिटं लागतात, आणि कारखान्यात तो प्रत्येक बॅचचा नोंदवलेला असतो. तो आकडा बाटलीवर ठळक छापावा; किरणोपचार घेतलेल्या माणसाने तो पाहिल्याशिवाय आंबट गोळी घेऊ नये, आणि छापलेला नसेल, तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारावा.