प्रकाशवेगाच्या मर्यादेत राहून

सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. त्या वेगाने तिथवर जायला साधारण ७५ हजार वर्षे लागतील. (व्हॉयेजर त्या दिशेने जातच नाही, ती गोष्ट वेगळी.) बऱ्याच विज्ञानकथा प्रकाशाहून वेगाने जाण्याची 'वॉर्प'सारखी युक्ती काढून ही अडचण उडवून लावतात. काही लेखक मात्र प्रकाशवेगाची मर्यादा पाळतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

पोल अँडरसनच्या 'टाऊ झिरो'मध्ये (१९७०) यान प्रकाशवेगाच्या इतके जवळ पोहोचते की आत काही वर्षे सरतात तोवर बाहेर युगे उलटतात. हे मनचे नाही. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातलेच आहे.

दुसरा मार्ग पिढ्यांचा. निघणारे वाटेतच मरणार, पोहोचणार त्यांचे वंशज. हाइनलाइनच्या 'युनिव्हर्स' (१९४१) या कथेत तर वंशजांना यानाबाहेर काही जग आहे हेच ठाऊक नसते.

किम स्टॅनली रॉबिन्सनची 'ऑरोरा' (२०१५) याहून निर्दय. यानाचे लक्ष्य टाऊ सेटी हा तारा, सुमारे १२ प्रकाशवर्षांवर. प्रवास दीडशेहून अधिक वर्षांचा. यान पोहोचते खरे, पण बंदिस्त परिसंस्था कुरकुरू लागते. फॉस्फरस नको तिथे अडकून बसतो. जिवाणू माणसांपेक्षा भराभर बदलतात. मुळात यानात जन्मलेल्या मुलांना या सफरीबद्दल कुणी विचारलेलेच नसते. शेवटी प्रवाशांत फूट पडते: काही तिथेच राहतात, बाकीचे यान पृथ्वीकडे वळवतात.