कर्करोग एका दिवसात होत नाही

गोंदियाच्या कोणत्याही पानठेल्यावर पाहा, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटणे चाललेले असते. आसपासच्या जंगलांतून उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात आणि त्यांच्या विड्या वळणाऱ्या बायांना हजारी हिशेबाने मजुरी मिळते. तंबाखू म्हणजे येथे कोणाचे व्यसन, तर कोणाची चूल. तेव्हा कर्करोग हा विषय आपल्याला परका नाही.

कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा पाहून प्राचीन ग्रीक वैद्यांना खेकडा आठवला, आणि नाव रूढ झाले. त्या नावामुळे आपल्याला वाटते की हा प्राणी कोठून तरी येतो आणि अंगाला डसतो. प्रत्यक्षात कर्करोग आपल्याच पेशींतून घडत जातो.

शरीरातील पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. कधी वाढायचे आणि कधी थांबायचे, याचा हुकूम पेशीतील जनुकांत असतो. तंबाखूतील नायट्रोसअमाइन नावाची द्रव्ये या जनुकांना इजा करतात. बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही राहून जातात. एका बिघाडाने सहसा काही होत नाही. पण बिघाडांवर बिघाड साठत गेले, की पेशी कोणाचेच ऐकेनाशी होते. याला बहुधा वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच विशीत लागलेल्या सवयीचा हिशेब अनेकदा पन्नाशीत पुढे येतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, ते १९४१ साली सुरू झाल्यापासून, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या रोगाचा अभ्यास केला. तंबाखू चघळण्याच्या सवयीशी तोंडाच्या कर्करोगाचे असलेले नाते त्यांनी दाखवून दिले.

"आमच्या घरात तंबाखूला थारा नाही," असे पुष्कळ कुटुंबे अभिमानाने सांगतात. त्याच घरात सुगंधी सुपारीची डबी मात्र मुलांच्याही हाती असते! सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली दिला.

धोके आणखीही आहेत. तंबाखूच्या जोडीला दारू आली, तर तोंडाचा आणि घशाचा धोका कैक पटींनी वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो. त्यावर लस आहे आणि ती मुलींना वेळेवर द्यावी. यकृताच्या कर्करोगामागे कावीळ-बी असू शकते; तिचीही लस आहे. लठ्ठपणा हेही एक कारण आहे. वाढते वय मात्र कोणाला टाळता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा बराच लहान, साधारण दहा रुग्णांत एखाद्याचा.

रोगाची चाल संथ असते, यातच आपली संधी आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असला, तीन बोटे तोंडात मावेनाशी झाली, तर डॉक्टरांकडे जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी ते दुखतच नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हजारो लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी तपासली गेली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. सवय सोडली, तर धोका वर्षागणिक उतरतो. चाळिशीनंतर सोडली तरीही.

दिवाळीत सारे घर एकत्र येते. फराळानंतर सुपारीचे तबक यंदा फिरवू नये. आणि खर्रा खाणारा काका, विडी ओढणारे आजोबा घरी आलेच असतील, तर बॅटरीच्या उजेडात त्यांना एकदा 'आ' करायला सांगावे. रागावतील, रागावू द्यावे.