कायद्याच्या गाडीला बांधलेली गाठोडी

कापसाची वेचणी जोरात असते त्या दिवसांत नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. वर्षातून निदान एक अधिवेशन तेथे घ्यावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. आपण मागण्या घेऊन तिकडे जातो. पण आत कोणते विधेयक कसे मंजूर होते, हे क्वचितच पाहतो.

विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. त्यात एकाच विषयाची कलमे असावीत, अशी आपली समजूत. पण कधी कधी चालत्या गाडीला भलतेच गाठोडे बांधतात, आणि गाडीबरोबर तेही मुक्कामाला पोचते.

दिल्लीचेच उदाहरण घ्या. २०१७ चे वित्त विधेयक करांसाठी होते. निवडणूक रोखे त्यातच आले. मार्चमध्ये आणखी दुरुस्त्या जोडल्या आणि सुमारे ४० कायदे बदलले. काही न्यायाधिकरणे एकमेकांत विलीन झाली. कंपन्यांना राजकीय पक्षांस देणगी देताना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, तीही उठली.

हे इतके सोपे का झाले? ते धनविधेयक म्हणून मांडले होते. धनविधेयक राज्यसभेला अडवता येत नाही. १४ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने पाचही फेटाळल्या. आपल्या विधान परिषदेलाही धनविधेयकावर १४ दिवसच मिळतात. धनविधेयक कोणते, हे लोकसभेत आणि विधानसभेत अध्यक्ष ठरवतात.

यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. धनविधेयकाचा प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. निवडणूक रोखे आणि देणगीची उठवलेली मर्यादा, दोन्ही १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द ठरली. मध्ये सात वर्षे गेली!

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या घटनेत ‘एका विधेयकात एकच विषय’ असा नियम आहे. आपण निदान विचारू तरी शकतो. प्रत्येक विधेयकासोबत उद्देश व कारणांचे निवेदन असते. नाव एक आणि कलमे भलतीच दिसली, तर आपल्या आमदारांना गाठून विचारा.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचतो ना? बोजा तिथेच लिहिलेला असतो. विधेयकही तसेच शेवटच्या कलमापर्यंत वाचावे.