विश्लेषण : मोहाच्या हंगामात मेळघाटातील अस्वल आक्रमक का होते?

आर्क्टिकमधील समुद्री बर्फ वितळत असल्याने ध्रुवीय अस्वलाच्या पिलांची चिंता जगभर व्यक्त होते. त्याच कुळातील आपले काळे अस्वल अमरावती-अकोल्याच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातही पिल्ले वाढवते. इथे प्रश्न बर्फाचा नाही. मोहफुलांचा, पाण्याचा आणि वणव्याचा आहे.

ध्रुवीय अस्वलाला बर्फ का लागतो?

त्याचे मुख्य अन्न सील आणि ही शिकार बर्फावरूनच होते. मादी बर्फातील गुहेत विते. तेव्हा पिलाचे वजन जेमतेम ६०० ग्रॅम असते. काही भागांत ती आठ महिन्यांपर्यंत उपाशी राहून चरबीच्या जोरावर दूध पाजते. सप्टेंबरमधील समुद्री बर्फ दर दशकात सुमारे १२ टक्क्यांनी घटतो आहे. शिकारीचे दिवस घटले की चरबी घटते, दूध आटते आणि पिल्ले दगावतात.

मेळघाटातील पिल्ले कशी वाढतात?

आपले अस्वलही साधारण हिवाळ्यातच कपारीत किंवा बिळात विते. बहुधा दोन पिल्ले होतात. दोन-तीन महिन्यांनी ती आईच्या पाठीवरचे केस घट्ट धरून बाहेर पडतात. वाघ, बिबट्यापासून बचावाची ही खास पद्धत आहे. पिल्ले सुमारे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईसोबत राहतात, त्यामुळे मादी दरवर्षी वीत नाही. एक पिल्लू गेले, तरी नुकसान मोठे असते.

संघर्ष नेमका तेव्हाच का?

वाळवी, मुंग्या, मध, बोरे आणि मोहफुले हा अस्वलाचा आहार. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेव्हाच पिल्ले पाठीवर असतात. कोरकू कुटुंबांसाठीही मोह म्हणजे हातात येणारा पैसा; म्हणून पहाटेच झाड गाठले जाते. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, नजर मात्र अधू. माणूस अचानक समोर आला की पिलांची आई पळण्याऐवजी हल्ला करते.

आगीचा संबंध काय?

फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तीच आग पसरून वणवा होतो. झुडपांचा आडोसा आणि नवी रोपे जळतात. त्यातच उन्हाळ्यात नाले आटतात. वनविभाग कृत्रिम पाणवठ्यांत पाणी सोडतो. पण माणसे आणि प्राणी त्याच मोजक्या ठिकाणी येतात, तेव्हा गाठ पडण्याची शक्यता वाढते.

उपाय काय?

पाला पेटवण्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरता येते. पुरते उजाडल्यावर, एकट्याने न जाता, बोलत-आवाज करत जावे. पिल्ले दिसल्यास जवळ जाऊ नये, आई आसपासच असते. ध्रुवावरचा बर्फ वाचवणे एका गावाच्या हाती नाही. मोहाखालची काडी न ओढणे मात्र आहे.