ब्रशांचं वाळवण

दिवाळीची साफसफाई काढली की माळा उतरतो, डबे घासले जातात, पंख्याची पाती पुसली जातात. आरशाखालच्या ड्रॉवरमधला मेकअपचा बटवा मात्र तसाच राहतो. गेल्या दिवाळीत मी तो उघडला. फाउंडेशनच्या ब्रशाचे केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते आणि त्यांना खवट तेलाचा वास येत होता. हाच ब्रश मी वर्षभर गालांवरून फिरवत होते.

त्याच संध्याकाळी सगळे ब्रश शॅम्पूने खळखळून धुतले आणि पेल्यात उभे करून ठेवले. पुढेही दर आठवड्याला हेच केलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली. एका लग्नाला निघताना ब्लशचा ब्रश उचलला, तर केसांचा झुबका अख्खा सुटून हातात आला. धुतलं नीट होतं, चुकलं होतं ते वाळवताना. ब्रश कसे धुवावेत हे पुष्कळजणी सांगतात, पण ब्रशाचं आयुष्य ठरतं ते वाळवण्यावर.

सांध्यात पाणी मुरतं

ब्रशाचे तीन भाग असतात: केस, दांडा आणि दोघांना जोडणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल. केसांची मुळं या नळीत गोंदाने पक्की केलेली असतात. ओला ब्रश उभा ठेवला की पाणी केसांतून खाली उतरतं आणि नळीत साचतं. तिथे वारा पोचत नाही. मग गोंद सुटतो, लाकडी दांडा फुगतो, त्यावरचा रंग तडकतो. ओल आतच राहिली तर बुरशीही धरते.

न धुतलेल्या ब्रशात चेहऱ्याचं तेल, घाम, मेलेली त्वचा आणि मेकअप यांचा थर बसतो. जिवाणूंना तेवढं पुरतं. त्यातून पुरळ उठतं, रांजणवाडी होते, डोळे येतात. बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरातल्या ४६७ प्रसाधनांची तपासणी केली. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. दहातल्या जवळपास नऊ वस्तूंमध्ये जिवाणू सापडले. सर्वांत वाईट अवस्था ब्युटी ब्लेंडरच्या स्पंजांची होती. त्यांतले ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडूनही पुढे वापरले गेले होते.

केस कोणते?

धुण्याआधी आपला ब्रश ओळखावा. शेळी, खार किंवा घोड्याच्या केसांवर आपल्या केसांसारखेच सूक्ष्म खवले असतात. पावडर त्यांत धरून राहते, म्हणून कॉम्पॅक्ट आणि ब्लशसाठी हे ब्रश छान. नायलॉनसारखा कृत्रिम केस गुळगुळीत असतो, तो द्रव शोषत नाही. फाउंडेशन आणि कन्सीलरसाठी तोच बरा, आणि धुण्याच्या बाबतीतही तो सोशिक.

जपानमध्ये हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं ब्रशांचं गाव आहे. तिथल्या ब्रशकलेला १९७५ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. २०११ मध्ये जपानच्या महिलांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने सन्मान म्हणून त्यांना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले. तिथले कारागीर मेकअप ब्रशाला आकार देण्यासाठी केसांची टोकं कात्रीने कापत नाहीत. लाकडी साच्यात केस रचून आकार घडवतात, कारण निमुळत्या नैसर्गिक टोकातच स्पर्शाची मऊ जादू असते. असा ब्रश वापरल्यावर लगेच मऊ कापडावर हलकेच झटकावा आणि पाण्याने क्वचितच धुवावा.

धुणं

ब्रश आधी टिश्यूवर कोरडाच पुसून घ्या. मग केस खाली करून कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, नळी भिजू देऊ नका. कढत पाण्याने केस खरखरीत होतात आणि गोंदही सैल पडतो. तळहातावर हरभऱ्याएवढा लहान मुलांचा शॅम्पू घेऊन त्यात ब्रश हलके गोल फिरवा. फेस आधी गव्हाळ येतो, मग फिका, शेवटी पांढरा. बोअरवेलचं पाणी असेल तर साबणवडी टाळा. जड पाण्यात तिचा पांढरट साका केसांवर बसतो. शॅम्पूने तसं होत नाही.

फाउंडेशन हटत नसेल तर कृत्रिम केसांच्या टोकाला खोबरेल तेलाचा एक थेंब लावा, मग शॅम्पू. तेलकट रंग तेलातच सुटतो. फक्त हे तेल नळीपर्यंत जाऊ देऊ नका.

वाळवण

धुतलेला ब्रश सुती पंच्यात धरून नळीकडून टोकाकडे हलक्या हाताने दाबत न्या. पिळू नका, ओढू नका. बोटांनी मूळ आकार द्या. मग टेबलाच्या कडेला पंचा पसरून त्यावर ब्रश आडवे ठेवा, केस कडेबाहेर हवेत राहतील असे. त्यामुळे वारा चारी बाजूंनी लागतो आणि एक बाजू चपटी होत नाही. दांड्याला रबरबँड लावून केस खाली करून टांगलात तर आणखी उत्तम. पाणी नळीपासून दूर निथळतं.

पापड, कुरडया आपण कडक उन्हात घालतो, पण मेथी आणि पुदिना सावलीत. ब्रश या दुसऱ्या पंगतीतला. उन्हाने आणि हेअर ड्रायरच्या गरम झोताने केस ठिसूळ होतात. पंख्याचा वारा पुरे. आयशॅडोचा बारीक ब्रश रात्रभरात वाळतो, पावडरचा दाट ब्रश दिवसभर घेतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आणखी एक दिवस द्यावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बटव्यात भरू नये.

अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. स्पंज मात्र दर वापरानंतर धुवून उघड्यावर वाळवावा आणि तीनेक महिन्यांनी बदलावा. डोळ्यांचा ब्रश बहिणीलाही देऊ नये. नवरीचा मेकअप करणाऱ्या ताईंनी ब्रशांचे दोन संच ठेवावेत. एकीनंतर दुसरीसाठी ब्रश घेताना आधी तो पुसावा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून वाळू द्यावा. त्यातलं ३० टक्के पाणी कामाचं असतं. त्याच्यामुळे अल्कोहोल जिवाणूंच्या प्रथिनांवर नीट काम करतं. पण अल्कोहोलने थर निघत नाही, त्यासाठी धुणं हवंच.

ब्रश वाळला की नाही, हे टोकावरून कळत नाही. टोकं आधी वाळतात. केस बाजूला करून अगदी मुळाशी, नळीच्या तोंडाशी बोट लावावं. गार लागलं तर आत ओल आहे. दोरीवरचे कपडे काढताना आई जाड शिवणीला हात लावून बघायची, ते हेच. आता दर रविवारी सकाळी माझे सात ब्रश टेबलाच्या कडेला ओळीने पडलेले असतात. सोमवारी मुळाशी बोट लावून बघते, आणि मगच त्यांना बटव्यात जागा मिळते.