‘कॅट उडव, गाडी सुटते’ : हेडर आणि डाऊनपाइपबद्दल ऐकीव गोष्टी

छोटी गाडी घेतली, हप्ते सुरू झाले आणि सहा महिन्यांत हात शिवशिवायला लागले, की ओळखीच्या गॅरेजात सल्ला ठरलेला असतो : हेडर टाक, डाऊनपाइप टाक, कॅट उडव. तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, जणू एकच काम आहे. तसं ते नाही. इंजिनातून निघणारा जळका वायू गोळा करणारं बिडाचं मॅनिफोल्ड काढून त्या जागी वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा जुडगा बसवतात, तो हेडर. हे मुख्यतः बिनटर्बोच्या गाडीचं काम. डाऊनपाइप मात्र टर्बोवाल्या गाडीत असतो. टर्बोच्या टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू खाली सायलेन्सरच्या दिशेने नेणारी ती नळी. बिनटर्बोच्या स्विफ्टला कोणी डाऊनपाइप ‘सुचवत’ असेल, तर त्या गॅरेजातून चहा पिऊन निघावं.

‘हेडर कुठल्याही गाडीला बसतो’

बसत नाही. चाकणच्या कारखान्यातून २०२० पासून निघालेल्या बीएस-६ पोलोचं १.० टीएसआय इंजिन घ्या. त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा सुटा भागच नाही. तो सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि टर्बोकडे जाणारा वायू थोडा थंड होतो. तिथे हेडर लावायला जागाच नाही. आपल्याकडे २००६ साली आलेल्या होंडा सिव्हिकच्या १.८ इंजिनाचीही हीच तऱ्हा, आणि त्याला तर टर्बोही नव्हता.

बीएस-६ च्या अनेक बिनटर्बो गाड्यांत आणखी एक पेच असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट, मॅनिफोल्डच्या अगदी बुडाशी, काही गाड्यांत त्याला जोडूनच असतो. तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्यावर कामाला लागतो, म्हणून कंपन्या त्याला इंजिनाजवळ ठेवतात. अशा गाडीत ‘फक्त हेडर’ असं काही नसतं. हेडर आला की मूळ कॅट गेला, हे गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा बिल झाल्यावर कळतं.

‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज, कारण त्यामागचा अनुभव खरा असतो. कोणीतरी जाड नळी टाकतो, खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते आणि निष्कर्ष निघतो की बॅक प्रेशर गेलं. प्रत्यक्षात जातो तो वायूचा वेग.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की वायूचा ठोका नळीतून पुढे धावतो आणि त्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदमच उघडे असताना हा कमी दाब पोर्टपाशी हजर असेल, तर उरलासुरला जळका वायू ओढला जातो आणि ताजी हवा-पेट्रोल आत शिरायला मदत होते. हेडरचं सगळं गणित या वेळेचं आहे. नळी गरजेपेक्षा जाड असली की वायू रेंगाळतो आणि ही ओढ मंदावते. म्हणजे इंजिनाला अडथळा नको असतो, योग्य मापाची नळी हवी असते.

चार सिलिंडरांचा नेहमीचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. त्यात १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी, आणि मग दोन्ही मिळून एक नळी, ही ४-२-१ रचना. ती मधल्या आरपीएमला ओढ देते. चारही नळ्या थेट एकात आणणारी ४-१ रचना वरच्या आरपीएमला बरी. कात्रज घाटात किंवा सिग्नल ते सिग्नल गाडी हाकणाऱ्याने ४-१ घेण्यात अर्थ नाही. टियागो, पेट्रोलवरची अल्ट्रोझ किंवा २०२४ ची नवी स्विफ्ट ही तर तीन सिलिंडरांची इंजिनं. त्यांना कोणी ‘४-२-१’ विकत असेल, तर त्याने बॉनेट उघडलेलं नाही.

टर्बोच्या पुढचा हिशेब वेगळा. टर्बाइनच्या बाहेरच्या बाजूला दाब जितका कमी, तितकी ती लवकर फिरते, त्यामुळे मोकळा डाऊनपाइप इथे खरोखर उपयोगी. तरी एक लिटरच्या इंजिनाला तीन इंची नळी म्हणजे निव्वळ मिरवणं. अडीच इंची पुरून उरते.

‘वीस-पंचवीस बीएचपी सहज वाढतात’

८०-९० पीएसच्या बिनटर्बो गाडीत चांगल्या हेडरने चार-पाच पीएस मिळाली तरी काम झकास झालं म्हणायचं, आणि तीही बहुधा अशा आरपीएमला जिथे आपण महिन्यातून एकदा जातो. टर्बोच्या गाडीत वाढ मोठी असते, पण तिचं श्रेय मुख्यतः रिमॅपला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली (ईसीयू) आकडेवारी बदलण्याला. आधुनिक ईसीयू ठरलेला टॉर्क गाठतो आणि तिथेच बूस्ट आवरतो. नुसता डाऊनपाइप टाकला तर टर्बो थोडा लवकर जागा होतो, एवढंच. आणि वाढलेला टॉर्क गिअरबॉक्सला पेलायला हवा. बीएस-६ आधीच्या पोलो जीटी टीएसआयच्या १७५ न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे असलेला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचाच आहे.

‘कॅट म्हणजे नळीत अडकवलेलं बूच’

मूळ कॅटमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दर चौरस इंचात साधारण ४०० ते ६०० छिद्रं. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा तिथे निकाल लागतो. शंभर पीएसच्या आसपासच्या गाडीत ही जाळी फार मोठा अडसर नसतो. २०० छिद्रांचा ‘स्पोर्ट्स कॅट’ जास्त मोकळा असतो, पण सफाईही कमी करतो.

कॅटच्या पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा मिश्रण ठरवायला मदत करतो, मागचा कॅटवर लक्ष ठेवतो. कॅट काढला की मागच्याला ते कळतं, पी०४२० हा कोड येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग सेन्सर नळीपासून दूर सरकवणारा स्पेसर लावून दिवा विझवतात. दिवा विझतो, धूर तोच राहतो.

‘पीयूसी निघते ना?’ हा प्रश्न इथे येतोच. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीची मर्यादा आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. कॅटशिवाय ती प्रामाणिक मशिनवर गाठणं कठीण. (मशिन प्रामाणिक असतंच असं नाही, हे वाचकांना सांगायला नको.) नायट्रोजनची ऑक्साइडं तर या तपासणीत मोजलीच जात नाहीत. म्हणून पीयूसीची पावती म्हणजे बदल कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला, दर बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर गदा. आतापर्यंत पोलिसांच्या कारवाईत रोडरोलरखाली गेले ते बहुतेक बुलेटचे सायलेन्सर, पण कायदा चाकं मोजत नाही.

‘चुंबक चिकटलं, म्हणजे स्टील नकली’

३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चिकटतं. ४०९ वर वरवरचा तांबूस गंज येतो, पण कंपन्या स्वतः एक्झॉस्टला तेच सर्रास वापरतात. ३०४ गंजाला भारी, मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत बरं. मात्र तापल्यावर ते जास्त प्रसरण पावतं, म्हणून मध्ये फ्लेक्स जॉइंट नसेल तर वेल्डिंगला तडा जातो. चुंबक खिशात ठेवा आणि नळीच्या आत टॉर्च मारा. आर्गन वेल्डिंगचा टाका आतून गुळगुळीत हवा. काळी, खडबडीत पपडी दिसली तर माल परत करा. फ्लेंज सपाट आहे का, सेन्सरची आटी मूळ जागी आहे का, हेही पाहा.

बसवल्यावर सकाळी थंड इंजिन सुरू करून कान द्या. टिकटिक ऐकू आली आणि गाडी तापल्यावर थांबली, तर गॅस्केटपाशी गळती आहे. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा सेन्सर फसतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. दोष मग हेडरच्या कंपनीला दिला जातो.

माझं मत विचाराल तर रोजच्या बिनटर्बो गाडीला हेडरवर पैसे घालू नयेत. टर्बोवाल्यांनी डाऊनपाइपचा विचार ट्रॅकवरच्या गाडीपुरता करावा, तोही कॅटसकट आणि रिमॅपसोबतच. आणि काहीही ठरवलंत तरी काढलेला मूळ भाग गॅरेजात सोडून येऊ नका. त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे भंगारवाले कॅटला चांगला भाव देतात, आणि गाडी विकताना किंवा मूळ रूपात आणताना तुम्हाला तोच भाग नवा घ्यावा लागतो.