घर बदलताना शाळा कशी पारखावी?

आपल्या नवशिक्षित वर्गात अलीकडे एक गोष्ट वारंवार घडताना दिसते. नोकरी स्थिर झाली, मूल पाच-सहा वर्षांचे झाले, की वस्तीतले घर सोडण्याचा विचार सुरू होतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘तिकडची शाळा चांगली आहे.’ पण चांगली म्हणजे नेमकी कशी? इंग्रजी माध्यम, गळ्यात टाय, दारात पिवळी बस आणि फलकावर लावलेला निकाल. ही मोजमापे ठरवली कोणी? ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांनी. त्यांच्या मुलांचे शाळेत जे राहून जाते ते घर भरून काढते. आपल्या मुलांच्या पाठीशी असा साठा फार तर एका पिढीचा आहे. म्हणून शाळा पारखण्याची मोजपट्टीही आपली आपण तयार केली पाहिजे.

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मुलीला पहिलीत घालायचे म्हणून गेले काही महिने तीन वेगवेगळ्या भागांतल्या शाळा पाहत हिंडतो आहे. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

मुळात हा प्रश्न नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील शाळेच्या दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे : वर्गात वेगळ्या कोपऱ्यात बसायचे, बसायचे गोणपाट घरून आणायचे नि परत न्यायचे, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या काळच्या मोजमापाने ती शाळा कदाचित चांगलीच ठरली असती. पण एकच इमारत एका मुलाला शाळा असते आणि दुसऱ्याला शिक्षा असते. म्हणून पहिला प्रश्न हा की, या शाळेतला शेवटचा मुलगा कोठे बसतो?

हे कळायचे तर पंधरा ऑगस्टला जाऊन उपयोग नाही. आडदिवशी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, पोषण आहाराच्या वेळी जावे. मुले एका पंगतीत बसतात का, ते पाहावे. वर्ग कोण झाडते, पाणी कोण भरते, ही कामे पाळीने सगळ्यांकडे येतात की ठरावीक आडनावांकडेच येतात, ते पाहावे. मागच्या बाकावर कोण आहे आणि गुरुजींचा प्रश्न तिथपर्यंत पोहोचतो का, हेही पाहावे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची वेळ आली की काही शाळांत ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असे पुकारले जाते. आपल्यापैकी किती जणांच्या कानात ते वाक्य आजही आहे! पालकाला एकट्याला बोलावून अर्ज भरून घेणाऱ्या शाळेला मी चार गुण जास्त देईन. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरी कसोटी वाचनाची. तिसरीतल्या मुलाने दुसरीच्या पातळीचा, पूर्वी न पाहिलेला उतारा अर्थ समजून वाचला पाहिजे. हे साधले नाही तर पुढचे गणित, परिसर अभ्यास, सगळेच अडते; कारण उदाहरणसुद्धा आधी वाचावे लागते. निवडक हुशार मुलाची वही दाखवली जाते, ती बाजूला ठेवून गठ्ठ्याच्या मधली वही मागावी. तिच्यात फळ्यावरून उतरवलेली ओळ आहे की मुलाचे स्वतःचे मोडकेतोडके वाक्य आहे? गुरुजींनी नुसती लाल रेघ मारली आहे की दुरुस्ती करून दिली आहे?

याच कसोटीत भाषा येते. आपले मूल ‘पानी’ म्हणते, ‘आनि’ म्हणते. त्यावर वर्ग हसला आणि गुरुजीही हसले, तर ते मूल पुढे बोलतच नाही, आणि न बोलणारे मूल ‘मठ्ठ’ ठरते. मुलाचा शब्द आधी ऐकून घेऊन मग पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी ठेवणारा शिक्षक मिळाला, तर माध्यमाचा प्रश्न दुय्यम आहे.

तिसरी कसोटी आकड्यांची. निकालाच्या टक्क्यांवरून फसू नये. जी शाळा तयार मुले घेते, जिथले पालक शिकवणी लावतात, तिचा निकाल चांगला लागणारच. तो निकाल शाळेचा कमी आणि घरांचा जास्त असतो. त्याऐवजी विचारावे : चार वर्षांपूर्वी पहिलीत किती नावे होती आणि त्यातली किती आज पाचवीत आहेत? गळालेली कोणाची? आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. त्या मुलांना थांबवण्यासाठी शाळा काय करते, यावरून तिची नियत कळते. शिक्षकांची संख्याही मोजावी. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन आणि एकशेवीसपर्यंत चार हवेत. वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे हवीत. ती नुसती असून भागत नाही, त्यांना कुलूप नसावे आणि आत पाणी असावे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेची नोंदलेली माहिती पाहता येते आणि डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींशी ताडता येते.

आता घराकडे वळू. शाळा पसंत पडली तरी तिच्याजवळ घर मिळेलच असे नाही. एका ठिकाणी घरमालकाने भाडे ठरवले, चहा दिला आणि निघताना विचारले, ‘आडनाव काय म्हणालात?’ दुसऱ्या दिवशी ते घर त्याच्या नातेवाइकाला लागणार होते! म्हणजे शाळेचे दार कायद्याने उघडले, तरी तिच्याकडे जाणारी गल्ली बंदच राहते.

अंतराला इथे फार महत्त्व आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी असतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मात्र घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असेल तर आधी विचार होतो, आणि भाड्याचे घर असेल तर करार नोंदणीकृत व अर्जापूर्वीचा लागतो. म्हणून तोंडी बोलीवर घर घेऊ नये. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. हक्क मिळाला म्हणून राखण थांबवता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. आपण निघून गेल्यावर वस्तीतल्या शाळेचे काय? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली ती एखाद-दुसरे हुशार मूल वर काढण्यासाठी नव्हे, सगळ्या बहुजनांसाठी. वस्तीतून आधी बाहेर पडतो तो नियम वाचू शकणारा, अर्ज लिहू शकणारा पालक. त्याच्यामागे पट घटतो, आणि शाळेला जाब विचारणाराही उरत नाही. मुलाचे भले पाहू नका, असे मी कोणाला सांगणार नाही. पण एक वाट मोकळी आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. उरलेल्या चौथ्या हिश्शात स्थानिक शिक्षणतज्ज्ञाचीही जागा असते. ती पुष्कळदा नावापुरती भरलेली असते. आपल्यातल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ती मागून घ्यावी. तेही जमले नाही, तर समितीवरच्या आपल्या आयाबायांना सभेआधी इतिवृत्ताची वही वाचून दाखवावी आणि मगच अंगठा किंवा सही करू द्यावी.